हळदी गोगलगाय आणि जांभळा स्पंज

गेली तीन वर्षं या अंकाच्या संपादकबाई दर श्रावणात फोन करतात आणि मी दर वेळी काहीतरी निमित्त काढतो. कधी डोळ्याचं ऑपरेशन, कधी आईची तब्येत. 'काशीत राहून समुद्राच्या तळाशी फोटो काढणारा मराठी माणूस' हा त्यांनी ठरवलेला विषय. यंदा मी हो म्हणालो. मी फारसा बोलणारा माणूस नाही, पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. एका फोटोसाठी मी नखाएवढा एक जीव एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला. त्याबद्दल एका शब्दाचं खोटं बोललो. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीची तीन वर्षं त्या एका शब्दापायी गेली.

पण ते कळायला आधी तो जीव कळायला हवा. त्याच्याबद्दल बोलायला लागलो की मला थांबवावं लागतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

समुद्री गोगलगाय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. आमच्या आईनं केलं होतं. "शी! गोगलगायी बघायला दोन दिवस गाडीत बसून जातोस?" मग मी तिला पहिला फोटो दाखवला आणि ती म्हणाली, "अनंता, हे कुणी रंगवलंय?"

हेच तर! कुणीही रंगवलेलं नाही. या गोगलगायीला शंख नसतो. उघडी, मऊ, सावकाश चालणारी. कुणीही येऊन गिळावं अशी. तरी तिला कुणी खात नाही, कारण ती विषारी असते आणि तिचे रंग म्हणजे त्या विषाची पाटी. निळ्यावर पिवळ्या रेघा, पांढऱ्यावर लाल ठिपके, अंगभर केशरी बोंडं. डोक्यावर दोन शिंगं, त्यांनी ती वास घेते. पाठीवर पिसांचा तुरा, त्यानं श्वास घेते. जरा धक्का लागला की शिंगं आत, तुरा आत, आणि उरतो नुसता एक गोळा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पाण्याखाली ओरडलो होतो. तोंडातली नळी सुटली, दोन घोट खारं पाणी पोटात गेलं, तरी हसतच होतो.

आणखी एक गोष्ट, आणि पुढचं सगळं तिच्यावर आहे. ते विष तिचं स्वतःचं नसतं. ती जे खाते त्यातून घेते. बहुतेकींचं अन्न म्हणजे स्पंज. खडकाला चिकटून वाढणारा, झाडासारखा दिसणारा पण खरं तर प्राणीच. आणि कुठलाही स्पंज तिला चालत नाही. अमुक जातीची गोगलगाय अमुकच स्पंज खाणार. तो नसेल तर उपाशी मरेल, दुसऱ्याला तोंड लावणार नाही. आमच्या गल्लीत एकादशीला साबुदाणासुद्धा वर्ज्य मानणारे लोक आहेत, पण इतकं कडक व्रत मी माणसात पाहिलेलं नाही.

आता आमचं काम. अशा प्राण्याचा फोटो काढायचा तर कॅमेरा त्याच्या जवळजवळ नाकाला लावावा लागतो. याला मॅक्रो म्हणतात. त्यात स्पष्ट दिसणारा भाग तांदळाच्या दाण्याइतका जाड असतो; शिंग स्पष्ट आलं तर तुरा धूसर. वर तुम्ही पाण्यात. श्वास घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली येतं. म्हणून एका हातात हातभर लांबीची पोलादी सळई असते. ती वाळूत टेकवून स्थिर राहायचं. तिचा उपयोग तेवढाच. तेवढाच असायला हवा.

काशीत बसून मी हे शिकलो कसा? आमच्या गच्चीवर काचेची टाकी ठेवली आणि तिच्यात दोऱ्याला मनुका बांधून सोडल्या. भिजून फुगलेली मनुका गोगलगायीएवढीच असते, सुरकुत्याही असतात. रोज सकाळी गच्चीवर पालथा पडून मी मनुकांचे फोटो काढायचो. आई खालून ओरडायची, "अरे, नैवेद्याच्या मनुका आहेत त्या! आणि माकडं आली तर कॅमेरा नेतील!" मनुका माकडांनी नेल्या. कॅमेरा पुढे समुद्रानं नेला. नेला म्हणजे, पाण्यापासून वाचवणाऱ्या पेटीच्या झाकणाला एक रबरी कडं असतं, त्याला ग्रीस लावून रोज पुसायचं असतं. त्या कड्याखाली माझाच एक पांढरा केस राहिला. वीस मिनिटांत पेटी भरली. एका केसानं सगळं बुडतं, हे तेव्हापासून मी शिकवतो. लोक मान डोलावतात आणि तसेच निष्काळजीपणे झाकण लावतात.

तर तो फोटो.

आठ वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर, थंडीत, पाणी स्वच्छ होतं. भिकाजी नावाचा माझा नेहमीचा सोबती होता, बोटही त्याची आणि पाण्याखाली वाट दाखवणारही तोच. साडेबारा मीटरवर, एका खडकाच्या पुढे आलेल्या छपरीखाली मला ती दिसली. अंग हळदीच्या रंगाचं, कडेला जांभळी किनार, पाठीवर गुलाबी तुरा. या किनाऱ्यावर मी ती आधी कधीच पाहिली नव्हती. छाती अशी धडधडायला लागली की कॅमेरा हलायला लागला!

फक्त एक अडचण. ती बसली होती ओल्या सिमेंटच्या रंगाच्या एका चपट्या, खरखरीत, कंटाळवाण्या स्पंजावर. आणि तिथून दोन हातांवर, छपरीच्या बाहेर, जांभळ्या स्पंजाचा एक झुपका होता. तोच तिच्या किनारीचा रंग. असा जुळलेला की डोळ्यांत पाणी यावं.

मी सळईचं टोक तिच्या पोटाखाली घातलं. अलगद. फार अलगद. तिचा गोळा झाला. तो मी जांभळ्या स्पंजावर ठेवला आणि चार मिनिटं थांबलो. आधी एक शिंग बाहेर आलं, मग दुसरं, मग तुरा उमलला. मी बत्तीस फोटो काढले.

वर आल्यावर भिकाजीनं पट्टा सोडता सोडता विचारलं, "तेका हात कित्याक लावलस? जाग्यार रवांदे होतं."

"हात नाही लावला. सळई होती."

तो हसला नाही.

या धंद्यात हे सगळेच थोडंफार करतात. कुणी समोरचं शेवाळ बाजूला करतं, कुणी मासा हुसकावतं. कुणी कबूल करत नाही. तो फोटो एका स्पर्धेत पहिला आला. मग एका मार्गदर्शक पुस्तकासाठी मागणी आली, मुखपृष्ठावर. प्रकाशकाच्या पत्रात शेवटी एक साधा प्रश्न होता: हा जांभळा स्पंज तिचं अन्न आहे का? मी एका शब्दाचं उत्तर लिहिलं. हो.

का लिहिलं? 'माहीत नाही' लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, ती तिथे काय करत होती. एवढंच. फोटोखाली छापून आलं, 'आपल्या अन्नावर'.

त्या फोटोनं मला नाव दिलं, खोटं कशाला बोलू. गणपतीत आमच्या मंडळात त्याचा पडद्यावरचा कार्यक्रम झाला. अत्तरदाणी घेऊन आलेल्या बायका खुर्च्यांवर उभ्या राहून बघत होत्या. एक आजी म्हणाल्या, "ही किनार मला लुगड्याला हवी."

आणि खरोखर आठवड्याभरात रियाजभाई घरी आले. रियाजभाई म्हणजे बनारसी साड्यांचे नक्शाबंद. मागावर चढवायची नक्षी आधी कागदावर बांधणारे कारागीर. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो फोटो दहा मिनिटं पाहिला.

"भाईसाहब, ये हल्दी और ये जामुनी, कुदरत ने साथ रक्खे?"

"जी."

"इन्सान होता तो इतनी हिम्मत न करता."

मी चहा पुढे केला.  त्यांनी त्या दोन रंगांची साडी काढली, ती गाजलीही. माझ्याकडे एक पाठवली होती. आई ती कधी नेसली नाही, का ते मी विचारलं नाही.

आता मुक्ता. आमच्या घरापासून चौथं घर, शास्त्रीबुवांची मुलगी. वडील वेदपाठशाळेत शिकवतात. गणपतीतला तो कार्यक्रम पाहिला तेव्हा ती कॉलेजात होती. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी. "काका, ती विष कुठून घेते म्हणालात?" मग प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग संशोधनाला नाव नोंदवलं, विषय तोच: हळदी गोगलगाय आपलं विष अन्नातून कसं काढून घेते. पोहायला शिकली, बुडी मारायला शिकली, कान फुटता फुटता वाचला. शास्त्रीबुवा सगळ्यांना सांगायचे, "आमची लेक समुद्रमंथन करते. हलाहलाच्या शोधात आहे."

तिच्या संशोधनाचा पाया म्हणजे माझा फोटो. पुस्तकातली ती ओळ.

मी तिला कोकणातल्या त्या खडकाचा पत्ता दिला, भिकाजीचा नंबर दिला, उसना कॅमेरा दिला. ते एक वाक्य दिलं नाही. भिकाजी आपण होऊन दुसऱ्याचं गुपित सांगणारा नव्हता. रोज वाटायचं, तिच्या लक्षात येईल. ती हुशार आहे, तिला स्वतःच कळेल. आपण कशाला.

गेल्या माघात ती परत आली. दोन हंगाम संपवून, सामानासकट. मी पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरत होतो, दुपारचं ऊन होतं, ती वरच्या चौथऱ्यावर बसली होती. मांडीवर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक.

"हे काय गं?"

"क्लार्कची परीक्षा. बाबा म्हणाले भरून तर ठेव. कायमची नोकरी असते."

"आणि संशोधन?"

"नाही होत माझ्याच्यानं, काका." तिनं पुस्तक मिटलं. "स्पंजाचा अर्क काढला. गोगलगायीत जे विष आहे ते त्यात नाहीच. तीनदा केलं. सर म्हणाले, तुझी पद्धत चुकतेय. मग किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत टाकी लावली. परवानगी काढून कोळ्यांच्या जाळ्यांत आलेल्या बारा जणी आणल्या, खडकावर मला एकही दिसली नव्हती. रोज ताजा जांभळा स्पंज घातला. त्या टाकीच्या भिंतीला जाऊन बसायच्या. खातच नव्हत्या. बारीक होत गेल्या. रोज एक. पाणी बदललं, तापमान बदललं, सब कुछ करके देखा. अकरा मेल्या. बारावी मी परत समुद्रात सोडली. माझ्या हाताला गुणच नाही."

खाली नावेतला मल्लाह कुणा यात्रेकरूला हाका मारत होता. मला वाटलं, अजूनही गप्प बसता येईल. हे वाटलं, तेही लिहून ठेवतो.

"मुक्ता, तुझ्या हाताचा दोष नाही. ती त्या स्पंजावर नव्हती. मी ठेवली."

तिला कळलंच नाही. "म्हणजे?"

"फोटोसाठी. सळईनं उचलली आणि जांभळ्यावर ठेवली. ती तो खाते की नाही, मला माहीत नव्हतं. विचारलं तेव्हा मी हो म्हणालो."

 तिनं पुस्तक उचललं आणि पायऱ्या चढून गेली. भराभर नाही, एकेक. वळून बघितलं नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि त्याचं कौतुक करावं असं काही नाही. अकरा जणी त्याहून जास्त दिवस उपाशी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कूकर लावत असताना ती आली. डोळे सुजलेले. हातात वही. बसायला सांगितलं तर बसली नाही.

"उचलली कुठून?"

 रात्रभर मी तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. का केलं, लाज कशी वाटली नाही, बाबांना काय सांगू. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

"काका, मी विचारतेय. जांभळ्यावर यायच्या आधी ती कशावर बसली होती?"

आणि तेव्हा मला आठवलं! फोटो काढण्याआधी उजेडाचा अंदाज घ्यायला आम्ही एक चाचणीचा फोटो काढतो. तो कुणी बघत नाही, कुणाला दाखवत नाही. पण मी काही पुसत नाही, कंजूष माणूस. जुनी डिस्क शोधायला दोन तास लागले. कपाट, माळा, आईच्या पापडाच्या डब्याखालची पेटी. आई म्हणाली, "आठ वर्षांत तुला शोधायला वेळ झाला नाही, आणि आता घर उलथंपालथं करतोस." तिला सगळं ऐकू गेलं होतं.

तो फोटो उघडला. काळवंडलेला, वाकडा, कोपऱ्यात गोगलगाय अर्धी कापलेली. उरलेल्या सगळ्या जागेत तो सिमेंटी स्पंज. मुक्तानं गोगलगायीकडे बघितलंसुद्धा नाही. स्पंज मोठा केला, आणखी मोठा केला, आणि ओरडली, "काका! दात! हे बघा, खरवडल्याच्या खुणा! खाल्लंय हिनं! किती खाल्लंय!"

त्या कंटाळवाण्या करड्यावर ताज्या पांढऱ्या वाटा उमटल्या होत्या, किसणी फिरवल्यासारख्या. आठ वर्षं माझ्याकडे होत्या. मी त्या फोटोत उजेड पाहिला होता, दुसरं काही पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात आम्ही कोकणात होतो. बोटीवर तिनं हात पुढे केला. "सळई."

"टेकवायला लागते गं."

"हाताचं एक बोट टेका. सळई इथे राहील."

भिकाजी दुसरीकडे तोंड करून हसत होता. या वेळी हसला.

छपरी तिथेच होती. करडा स्पंज वाढून परातीएवढा झाला होता, आणि त्याच्यावर एक नाही, तीन! तीन हळदी गोगलगायी! एकीची अंड्यांची पिवळी फीत जिलबीसारखी वेटोळी घालून शेजारी चिकटवलेली. माझ्या श्वासाचे बुडबुडे आवरेनात. मोठीच्या तोंडापुढे शेवाळाचा एक तंतू आडवा आला होता. तो बाजूला करायला माझा हात आपोआप उठला. मुक्तानं मनगट धरलं. पाण्याखाली बोलता येत नाही, पण चष्म्याच्या काचेतून तिनं जे बघितलं ते मला समजलं. मी तंतूसकट फोटो काढला.

पण नुसता फोटो पुरावा नाही, हे आता दोघांनाही माहीत होतं. बसली आहे म्हणजे खाते, हेच तर मी लिहून दिलं होतं. काही स्पंजांच्या अंगात काचेचे सूक्ष्म काटे असतात, प्रत्येक जातीचे निराळ्या घडणीचे, आणि ते पचत नाहीत. म्हणजे पुरावा कुठे, तर मागच्या बाजूला. मुक्ता चाळीस मिनिटं बिनसुईची पिचकारी घेऊन एका गोगलगायीच्या मागे तरंगत राहिली. अखेर बारीक दोऱ्यासारखी विष्ठा बाहेर आली आणि तिनं ती अलगद ओढून घेतली. मी त्या क्षणाचे नव्वद फोटो काढले. तीस वर्षांच्या कामात इतक्या आनंदानं मी कशाचेच फोटो काढलेले नाहीत.

परत येऊन मी पत्रं लिहिली. प्रकाशकाला, स्पर्धेवाल्यांना, मुक्ताच्या सरांना. स्पर्धेनं बक्षीस काढून घेतलं, बरोबर केलं. प्रकाशकानं चूक पुढच्या आवृत्तीत सुधारू म्हटलं. रियाजभाईंना मात्र मी त्यांच्या कामाच्या गद्दीवर जाऊन सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तो वो रंग आपने रक्खे थे? लाहौल! भाईसाहब, आप तो नक्शाबंद निकले. पर हम अपने नक्शे को कुदरत नहीं बताते." आणि चहा मागवला. दोन नव्हे, एकच, स्वतःसाठी.

शास्त्रीबुवांना मुक्तानंच सांगितलं. ते माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण त्यांच्या घरी जायचं बंद झालं नाही, कारण सूक्ष्मदर्शक तिथे आहे. विभागातून उसना आणलेला, वरच्या मजल्यावर गंगेकडच्या खिडकीत ठेवलेला. पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा खाली मुलांचं संथा घेणं चाललं होतं. कोकणातून स्पिरिटच्या बाटलीत आणलेला तो दोरा मुक्तानं काचेवर पसरला होता. शास्त्रीबुवांनी दारातून डोकावून विचारलं, अर्थातच तिला, "काय गं आहे ते?"

"गोगलगायीची विष्ठा, बाबा."

"सोवळ्याच्या दिवसांत?" थोडा विचार करून म्हणाले, "गायच म्हणायची ना. चालेल." आणि गेले.

तिनं आधी त्या करड्या स्पंजाचा तुकडा लावून मला दाखवला. तीन टोकांचे काटे, तीन पाकळ्यांच्या फुलासारखे. मग काच बदलली, स्वतः बघितलं. चाकं फिरवत राहिली. मला धीर धरवेना.

"आहेत का?"

ती बाजूला सरकली. मी डोळा लावला. तीच तीन टोकं. एक, चार, मग मोजता येईनात इतके. खच पडलेला, खिडकीतल्या उजेडात चमकत! मी जोरात ओरडलो असेन, कारण खालची संथा थांबली.

मुक्ता खिडकीबाहेर बघत होती. "खात होती," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अकरा मेल्या, काका. हे मी प्रबंधात लिहिणार आहे. कशामुळे मेल्या तेही लिहिणार आहे. तुमच्या नावासकट."

"लिही."

तिनं वही ओढली, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं.

"आता सरका. उजेड अडवताय."

मी सरकलो.